पैसा एकाला, नजर दुसऱ्यावर: भुजची सहल आखताना

प्रश्न असा आहे. कोथरूडच्या एका सोसायटीतले २० जण, त्यातले निम्मे साठी ओलांडलेले, जानेवारीत कच्छला जायचं म्हणतायत. भुजला दोन मुक्काम, धोरडोच्या पांढऱ्या रणात एक. बैठकीत एका सभासदांनी हरकत घेतली, 'जिथं भूकंपात एवढी माणसं ढिगाऱ्याखाली गेली तिथं आपण हौसेनं बघायला जायचं, हे बरं दिसतं का?' दुसरे म्हणाले, 'तिथल्या लोकांचं पोट आता आपल्यासारख्यांवर आहे, न जाणंच वाईट.' दोघांकडेही तिथल्या माणसांचे दाखले होते. एका रिक्षावाल्यानं 'या, या' म्हणून स्वागत केलं होतं, एका बाईंनी कॅमेरा बघून दार लावून घेतलं होतं. पुढच्या वर्षी नेपाळ किंवा वायनाड डोक्यात आहे, तिथंही हाच वाद होणार. मग कुणाचं खरं धरायचं?

दोघांचंही. तो रिक्षावाला आणि त्या बाई एकाच घरातलेही असू शकतात.

सावरणाऱ्या शहरात पाहुण्यांबद्दल जे दुमत दिसतं त्याचं मूळ बहुतेक वेळा साधं असतं. पाहुण्याचा पैसा पडतो एकीकडे आणि नजर पडते दुसरीकडे. ज्याची गल्ली, ज्याचं पडकं घर, ज्याचं दुःख बघितलं जातं त्याच्या हाती काही लागत नाही. ज्याच्या हाती लागतं त्या हॉटेलवाल्याच्या घरात कुणी डोकावत नाही. सहल आखणाऱ्याच्या हातात एवढंच असतं की हे दोन्ही शक्य तितकं एकाच दाराशी नेऊन सोडायचं. बाकी 'संवेदनशील पर्यटन' वगैरे शब्द माहितीपत्रकाला शोभतात.

परगावचं म्हणून हे अवघड वाटतं, तेव्हा आधी आपल्या नदीकाठी बघा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पुढच्या अर्ध्या तासात आजूबाजूच्या पुलांवर माणसं उभी. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या माणसाला गादी वर कशी न्यायची ही चिंता होती. 'पूर बघायला' निघालेल्यांची गाडी त्याच्या लेखी फक्त वाट अडवणारी. आता दुसरी बाजू घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. पेठांमधली जुनी माणसं आजही पाहुण्याला भिंतीशी नेऊन हात उंच करून दाखवतात, 'पाणी इथवर होतं.' ते सांगताना त्यांना कमीपणा वाटत नाही, उलट चहा ठेवला जातो. पण त्याच भिंतीपुढे बस थांबून चाळीस अनोळखी लोक माना वर करून बघू लागले तर तेच आजोबा दारात पाटी लावतील, आणि पुणेरी पाटी काय असते ते सांगायला नको. गोष्ट सांगायची की नाही हे माणसाच्या हातात असतं, बघितलं जाण्यावर त्याचा ताबा नसतो. भुजमधल्या दोन उत्तरांत फरक आहे तो एवढाच.

आता भुज. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, ७.७ तीव्रतेच्या आसपासचा धक्का. गुजरातभरातल्या मृतांचा सरकारी आकडा १३,८०० च्या वर. भुजच्या कोटाच्या आतलं शहर अरुंद गल्ल्यांचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती दोन्ही बाजूंनी गल्लीतच पडल्या, त्यामुळे घरातून बाहेर धावलेलेही अडकले. पुढे पुनर्रचनेत रस्ते रुंद केले, कोटाच्या आत रिंग रस्ते काढले, त्यासाठी भूखंडांतून जागा कापून घेतली, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आणली. शहराबाहेर मुंद्रा रोड, आरटीओ, रावळवाडी अशा नव्या वसाहती उठल्या. पाणी, गटार, सरळ रस्ते मिळाले. शेजार मात्र गेला. भाडेकरूंचं सगळ्यात अवघड झालं, कारण घर मालकाच्या नावावर, यांच्याकडे कागद नाही. वाड्यातल्या पुणेकराला यावर जास्त सांगायची गरज नाही.

म्हणून भुजमध्ये 'सगळं किती छान झालंय हो आता' हे वाक्य जपून वापरा. ते ज्याला नवा रस्ता मिळाला त्याला गोड लागतं, ज्याची ओसरी त्या रस्त्यात गेली त्याला टोचतं, आणि समोरचा कुठला हे तुम्हाला ठाऊक नसतं.

त्यावर रणोत्सवाची आणखी एक घडी आहे. २००५ पासून धोरडोला हिवाळी तंबूनगरी भरते. कच्छकडे पर्यटक वळला तो मुख्यतः त्यामुळे, हे मान्यच करावं लागेल. पण तंबूच्या पॅकेजमध्ये भुज स्टेशन किंवा विमानतळावरून पिकअप, तिथेच जेवण, तिथेच कार्यक्रम, तिथेच खरेदी आणि परत ड्रॉप, असं सगळं बांधलेलं असतं. धोरडो भुजपासून सुमारे ८० किलोमीटर. या मधल्या रस्त्यावर पाहुणा खिडकीतून बघतो खूप आणि खर्च करतो चहापुरता. भुजच्या बाजारातल्या माणसाची कुरकूर येते ती इथून. त्याच्या दारावरून गाड्या जातात, थांबत नाहीत.

तेव्हा बुकिंगपासून सुरुवात करा, कारण निम्मं काम तिथंच होतं.

भुजच्या दोन रात्रींचं हॉटेल 'एपी' (सगळी जेवणं हॉटेलात) किंवा 'एमएपी'वर (नाश्ता आणि एक जेवण) घेऊ नका, 'सीपी'वर घ्या. म्हणजे खोलीबरोबर फक्त नाश्ता. एजंट एमएपीचा आग्रह धरेल, त्याला हिशेब सोपा पडतो आणि ज्येष्ठ मंडळींना 'रात्री कुठं जायचं' ही कटकट नको असते. पण गणित करून बघा. २० जण, दोन दुपार, दोन रात्री, म्हणजे ८० ताटं. ताटामागं २५० रुपये धरले तरी २०,००० रुपये. एमएपीत रात्रीची ४० ताटं हॉटेलच्या एकाच बिलात जातात, एपीत सगळी ८०. सीपी घेतलं तर बाजारातल्या तीनचार खानावळींत विभागतात. गटातले मधुमेही आणि लवकर जेवणारे यांच्यासाठी एक खानावळ सकाळीच सांगून ठेवा, साडेसातला पंगत, तिखट कमी. २० ताटांची आगाऊ वर्दी मिळाली की बहुतेक जण खुशीनं करतात. न सांगता २० जण दारात उभे राहिले तर मात्र रोजचं गिऱ्हाईक उठवावं लागतं, आणि रोजच्या गिऱ्हाइकाच्या मनात पर्यटकांबद्दल काय बसतं ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी एकदा दाबेली खाच. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर 'कच्छी दाबेली'ची गाडी असते, मूळ मुलखातली चव बघायला हरकत नाही.

गाडी एक मोठी बस नको. बस कोटाच्या आत जात नाही, बाहेर उभी राहून रस्ता अडवते आणि २० जण एका घोळक्यात चालतात. १२ आसनी दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. दहादहाचे दोन गट पडतात, पुढं कारागिराच्या अंगणातही तेच उपयोगी पडतं. ड्रायव्हरशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. 'शॉपिंग स्टॉप नको, त्याबदल्यात भत्त्यावर रोज इतके रुपये वर.' हे ऐकायला रोखठोक वाटेल, पण हे केलं नाही तर काय होतं ते बघा. रस्त्यालगतच्या मोठ्या शोरूममधून ड्रायव्हरला कमिशन मिळतं, पगारात भागत नाही म्हणून तो तिकडेच वळवतो, शोरूमवाला ते कमिशन किमतीत चढवतो आणि गावातला कारागीर 'टुरिस्ट आमच्यापर्यंत येतच नाही' म्हणत बसतो. यात वाईट कुणीच नाही. पैसे ज्या वाटेनं जातात ती वाट वाकडी आहे, आणि दोन माणसांचा चार दिवसांचा वरभत्ता एवढ्या किमतीत ती सरळ होते.

स्थानिक वाटाड्या भुजचाच हवा, अहमदाबादहून गटाबरोबर येणारा नको. पूर्ण फी ठरवा आणि ती गटाच्या खर्चातून द्या, शेवटी टोपी फिरवू नका. त्याला आदल्या दिवशी फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: कुठल्या गल्लीत चालत गेलेलं लोकांना चालतं, कुठं चालत नाही, आणि भूकंपावर तो स्वतः बोलायला राजी आहे का. तिसऱ्याला 'नाही' आलं तर ते शेवटचं. त्याच्याकडून इतिहास, बाजार, खाणं ऐका, भूकंपासाठी संग्रहालय आहे.

गटालाही आधी सांगून ठेवावं लागतं. पुण्याच्या माणसाला प्रश्न विचारायची भारी हौस, आणि पहिला प्रश्न ठरलेला: 'तुमच्या घरचं कुणी गेलं का हो?' हा प्रश्न बाद. 'तुमचं घर पडलं होतं का?' हाही बाद. त्याऐवजी जागेबद्दल विचारा: 'हा रस्ता आधी केवढा होता?', 'इथलं दुकान कुठं गेलं?' ज्याला सांगायचंय तो रस्त्यावरून घरावर आणि घरावरून माणसांवर आपणहून येतो. ज्याला नाही सांगायचं तो रस्त्याची रुंदी सांगून मोकळा होतो, आणि दोघांचीही अब्रू राहते.

चालायचा मार्ग सोपा ठेवा. सकाळी आठला हमीरसर तलावाच्या काठानं सुरुवात. हा तलाव भरून वाहू लागला की भुजमध्ये सुट्टी जाहीर होते, एवढा तो शहराचा जीव. वाटाड्याला भूकंपाऐवजी या सुट्टीबद्दल विचारून बघा, माणूस खुलतो. तिथून प्राग महाल, आयना महाल, दरबारगढ आणि सराफ बाजार. दोन्ही महालांना २००१ मध्ये मोठा मार बसला होता, दुरुस्तीच्या खुणा दिसतात. राजघराण्याच्या छत्र्यांपैकी बऱ्याच कोसळल्या, तेही याच फेरीत जमतं. शहर वाचायची एक युक्ती आहे. गल्ली चिंचोळी चालली असताना एकदम रुंद झाली, की तिथं नियोजनाची रेघ गेली आहे. एका बाजूला जुना घडीव दगड आणि त्याला खेटून बुटकी सिमेंटची इमारत दिसली, की मधला भाग पडला होता. एवढं डोळ्यांनी कळलं तर लोकांच्या दारात जाऊन विचारावं लागत नाही. दहाच्या आत फेरी संपवा. त्यानंतर बाजार धंद्याचा असतो, आणि गिऱ्हाइकापुढं उभं राहून छताचा फोटो काढणारा माणूस दुकानदाराला नकोसा होतो.

फोटोंचं धोरण एका ओळीत: इमारतीचा खुशाल काढा, पडक्या घरापुढं माणूस उभा असेल तर नाही. मुलांचे नाहीत. ड्रोन पुण्यातच ठेवा, कच्छ हा सीमेवरचा जिल्हा आहे.

स्मृतिवन संध्याकाळी घ्या. भुजियो डुंगरावर ४७० एकरांत हे स्मारक आहे, २८ ऑगस्ट २०२२ ला खुलं झालं. डोंगरउतारावर पाणी अडवणारे बंधारे बांधलेत आणि त्यांच्या भिंतींवर १२,९३२ जणांची नावं लावली आहेत. संग्रहालयात सात दालनं आहेत, नीट बघायला किमान अडीच तास लागतात. गुडघेदुखीवाल्यांनी वाहनाची सोय आधी फोनवर विचारून घ्यावी, चढ आहे. सुट्टीचा वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळही त्याच फोनवर विचारा.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. संग्रहालयात भूकंपाचा अनुभव देणारं एक दालन आहे, पायाखालची जमीन हादरते, आवाज, अंधार. आपल्याकडच्या लोकांना त्याचं फार आकर्षण, तिकीट काढल्याबरोबर 'ते हलणारं कुठं आहे?' ही चौकशी सुरू. रक्तदाब, चक्कर, मणक्याचा त्रास असलेल्यांनी बाहेर बसावं, हा एक भाग. दुसरा भाग असा की सौजन्य म्हणून ड्रायव्हरला किंवा वाटाड्याला 'चला ना तुम्हीपण, तिकीट आम्ही काढतो' म्हणू नका. चाळिशी ओलांडलेला भुजचा माणूस त्या सकाळी शाळकरी किंवा तरुण होता. त्याला ती सकाळ तिकिटावर नको असू शकते, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जड जातं. त्याला गाडीपाशी राहू द्या. नावांच्या भिंतीला पाठ टेकून सेल्फी काढू नये, हे साठीच्या मंडळींना सांगावं लागणार नाही असं वाटतं. लागतं.

तारखेचं जरा ताणून सांगतो, कारण सगळ्यात जास्त चूक इथं होते. २६ जानेवारी पुण्याच्या सोसायटीला हमखास सोयीची, शेजारी शनिवार-रविवार आले की विचारूच नका. रणातही तेव्हा गर्दीचा कळस. आणि नेमका तोच दिवस कच्छमधल्या घराघरांत वर्षश्राद्धासारखा. अंजारमध्ये त्या सकाळी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळेची मुलं आणि शिक्षक अरुंद गल्लीत गाडले गेले, त्यांचं स्मारक तिथं आहे. पर्यटक अंजारला जातात ते सुऱ्या आणि अडकित्ते घ्यायला. २६ तारखेला सकाळी नऊला तिथं अडकित्त्याचा भाव पाडत उभं राहणं कसं दिसेल, ते बैठकीत एकदा मोठ्यानं बोलून बघा. २५ ते २७ हे तीन दिवस सोडून द्या. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, तेव्हा गुजरातभर लोक गच्चीवर पतंग उडवत असतात, कार्यशाळा बंद. मग उरतात जानेवारीतले १३ तारखेपर्यंतचे किंवा १६ ते २४ चे दिवस, नाहीतर फेब्रुवारी. पौर्णिमेला रण सुंदर दिसतं आणि दरही चढतात, पौर्णिमेच्या आधीचे दोन दिवस घ्या, चंद्र जवळजवळ तेवढाच असतो. रणाच्या परवान्यासाठी प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र हाताशी ठेवा, भिरंडियारा नाक्यावर एकाचं राहिलं तर २० जण थांबतात.

अजरखपूरला अर्धा दिवस द्या. भुजपासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. हे गावच भूकंपातून जन्मलं. धमडका गावातले खत्री समाजाचे कारागीर अजरखची, म्हणजे कापडावर नैसर्गिक रंगांत ठशांनी करायची, छपाई करायचे. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं, आणि नैसर्गिक रंगांच्या कामात पाणीच बिघडलं तर रंगही बिघडतो. त्यामुळे काही कुटुंबांनी नवी जागा घेऊन अजरखपूर वसवलं. इथं बघणारा आणि विकत घेणारा एकच, दाखवणारा आणि पैसे घेणाराही एकच. म्हणून अशा ठिकाणी पाहुण्याबद्दलची कुरबूर कमी असते. तरी काही पथ्यं आहेत. छपाईच्या टेबलाभोवती दहाच्या वर माणसं मावत नाहीत, एक गट आत, दुसरा गट गावातल्या हस्तकला संग्रहालयात, मग अदलाबदल. सकाळी दहा ते बारा ही वेळ चांगली. ओला कपडा वाळत असतो त्यावरून चालू नका आणि त्याला हातही लावू नका, बोटांचा घाम डाग पाडतो.

भाव करण्याआधी काम समजून घ्या. खरा अजरख धुणं, हरड्याचं पाणी, ठसा, लोखंडाचं काळं, तुरटी, नीळ, मंजिष्ठा, पुन्हा धुणं अशा १४ ते १६ टप्प्यांतून जातो आणि त्याला दोनतीन आठवडे लागतात. ३०० रुपयांत 'अजरख' ओढणी मिळाली तर ती स्क्रीन प्रिंट समजा. ओळखायची कशी? ठशाच्या कामात ठसा जिथं ठशाला भिडतो तिथं केसभर पुढंमागं होतं, आणि ती चूक प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. स्क्रीनच्या कामात एकच चूक ठरावीक अंतरावर जशीच्या तशी परत येते. कपडा उलटा करून बघा, दोन्ही बाजूंनी छापलेल्या कामात उलटी बाजूही भरलेली दिसते. एवढं कळल्यावर घासाघीस करायची असेल तर करा, पण २० जणांनी मिळून 'सगळ्यांचं घेतो, निम्म्यात द्या' हा तुळशीबागेचा डाव तिथं टाकू नये. तयार माल थोडा असतो, एका गटानं तो पाडून नेला की पुढचा महिनाभर कारागीर तोट्यात छापतो. भुजजवळच्या कुकमाची खमीर ही संस्थाही भूकंपानंतरच्या उभारणीतून २००५ मध्ये सुरू झाली, विणकर, कुंभार आणि इतर कारागिरांचं काम तिथं एकत्र बघायला मिळतं. वेळ असेल तर जा.

बरोबर काही 'द्यायला' नेऊ नका. जुने कपडे, गोळ्या, वह्या, काही नाही. भुज आज मदत मागणारं शहर नाही, आणि पाव शतकानंतर कुणी त्याला तसं वागवलं तर राग येणारच. पुण्याच्या ज्या वसाहतींना १९६१ नंतर 'पूरग्रस्त' हा शब्द चिकटला तिथल्या पुढच्या पिढीला विचारा, तो शब्द किती वर्षं अंगावर बाळगावा लागतो.

आता पुढच्या वर्षीचं. नेपाळ आणि वायनाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका मापानं मोजू नका.

नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, ७.८ चा, सुमारे ९,००० मृत्यू. शनिवार म्हणजे तिथला सुट्टीचा वार होता, शाळा बंद होत्या, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. २०१४ मध्ये सुमारे ७.९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०१५ मध्ये ५.४ लाखांच्या आसपास, २०१६ मध्ये पुन्हा ७.५ लाखांच्या पुढं. म्हणजे पाहुणे लवकर परतले, घरं मात्र उशिरा उभी राहिली. काठमांडूजवळच्या भक्तपूरमध्ये त्याचं कारण समजतं. तिथं बापाचं घर भावाभावांत उभं कापून वाटलेलं असतं, एकेकाच्या वाट्याला खोलीभर रुंदी. ते पडल्यावर एकट्या भावाला बांधता येत नाही, सगळ्यांची संमती आणि कागद लागतात, वर दर्शनी बाजू वीट-लाकडाचीच ठेवायचा नियम. मंदिर उभं राहतं आणि शेजारचं घर टेकू लावून तसंच, हे चित्र बघून 'पर्यटकांसाठी देवळं आधी, आम्ही नंतर' असं एखाद्याला वाटलं तर नवल नाही. त्याच वेळी १७०२ चं न्यातापोल मंदिर त्या धक्क्यात उभं राहिलं याचा अभिमानही तोच माणूस सांगेल. काठमांडूत राणी पोखरी या जुन्या तळ्याच्या दुरुस्तीत सिमेंट-काँक्रीट वापरू नका, वीट-सुरखीचंच काम करा, म्हणून लोक भांडले. तिथल्या नाराजीत पर्यटकांपेक्षा 'आमचं शहर कसं बांधायचं हे ठरवणारे तुम्ही कोण' हा सूर मोठा आहे. तुम्ही एवढं करा: काठमांडूच्या ठमेलमध्ये राहून भक्तपूरला दिवसाची धावती फेरी मारण्याऐवजी एक रात्र भक्तपूरलाच काढा. प्रवेशशुल्क नगरपालिकेकडे जातं आणि त्यातून जतनाचं काम चालतं, सार्क देशांच्या नागरिकांना ते कमी आहे, तरी चुकवायच्या वाटा शोधू नका. कुंभारवाड्याच्या मडक्यातलं जुजु धौ, म्हणजे तिथलं गोड दही, तिथंच बसून खा.

वायनाडचं उलटं. ३० जुलै २०२४ ची दरड मेप्पाडी पंचायतीतल्या चूरलमला, मुंडक्कै भागात कोसळली. पण बातम्यांत नाव जिल्ह्याचं आलं, आणि कल्पेट्टापासून ते लांबच्या रिसॉर्टांपर्यंत सगळ्यांची बुकिंगं रद्द झाली. दुसरीकडे त्याच दिवसांत दरड बघायला निघालेल्या लोकांना 'येऊ नका' असं केरळ पोलिसांना सांगावं लागलं. म्हणजे जिथं जायला हवं तिथं कुणी जाईना आणि जिथं जायचं नाही तिथं गर्दी. तिथला नियम सरळ आहे: वायनाडला जा, एडक्कलच्या गुहा बघा, मसाले-कॉफी घ्या, चूरलमलाचा फाटा घेऊ नका. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कॅट्रिना चक्रीवादळानंतर, २००६ मध्ये, पुरानं उद्ध्वस्त झालेल्या लोअर नाइन्थ वॉर्डात पर्यटक बसना शहराच्या कौन्सिलनंच बंदी केली होती, तीही याच कारणानं.

हे आपल्या जिल्ह्यातही लागू आहे. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, वायनाडच्या बरोबर दहा वर्षं आधीची, १५१ जीव गेले. तारीख पावसाळ्याच्या ऐन भरातली, श्रावणात भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ त्याच बाजूला. 'जाता जाता माळीण बघून येऊ' हे वाक्य गाडीत निघतंच. स्मारकाशी दोन मिनिटं शांत उभं राहून यायचं असेल तर जा, भजी खायचा थांबा म्हणून नको.

ताज्या आपत्तीच्या ठिकाणी कधी जावं याला महिन्यांचा हिशेब चालत नाही, खुणा बघायच्या. तिथल्या हॉटेलला फोन करून तीन प्रश्न विचारा. खोल्या मदतकार्यातल्या माणसांनी भरल्या आहेत का? शाळांमधली छावणी उठून वर्ग भरायला लागले का? पाणी नळाला येतं की टँकरनं? पहिल्याचं उत्तर 'हो', दुसऱ्याचं 'नाही' किंवा तिसऱ्याचं 'टँकर', यांतलं एकही आलं तर तुमच्या २० अंघोळी कुणाच्या तरी वाट्याच्या आहेत. तेव्हा थांबा. मालक 'या हो, काही अडचण नाही' म्हणेलच, त्याला कर्जाचा हप्ता भरायचा असतो. म्हणून 'येऊ का?' असं विचारायचं नाही, हे तीन प्रश्न विचारायचे.

राहिले ते हरकत घेणारे सभासद. त्यांना सोडून जाऊ नका, गटाच्या खर्चाची वही त्यांच्याकडे द्या. वहीत रोजच्या पानाला दोन रकाने आखून द्या: 'भुजमध्ये दिले' आणि 'भुजबाहेर दिले'. रेल्वेचं भाडं, एजंटचं पॅकेज, तंबूचं बिल दुसऱ्यात. खानावळ, वाटाड्या, रिक्षा, अजरख, दाबेली पहिल्यात. दुसऱ्या दिवशी रात्री बेरीज करून पहिला रकाना फारच किरकोळ निघाला, तर तिसऱ्या दिवसाचं दुपारचं जेवण कुठं घ्यायचं ते त्यांनीच ठरवावं.